शंभरातले अडतीस

"पिशवी काढून ठेवा."

"न्हाई काढता येत, मॅडम. सरकारी हाय."

"मग दंडाला पट्टा कुठे बांधू? पिशवीला?"

खाकी कपड्यांतल्या त्या माणसाने क्षणभर विचार केला, गळ्यातली चामडी पिशवी पाठीमागे सरकवली आणि हात पुढे केला. खरं तर ती शेजारच्या खुर्चीवर ठेवता आली असती. पण एसटीचा कंडक्टर एक वेळ जेवण विसरेल, पिशवी अंगावेगळी करणार नाही. प्रज्ञाला हसू आलं. तिने ते दाबलं, कारण लॅबमध्ये लागून तिला जेमतेम तीन आठवडे झाले होते आणि थिटे डॉक्टरांना हसणाऱ्या मुली चालत नसत.

नगरच्या माळीवाडा स्टँडमागच्या गल्लीत, एका माडीवर, थिटे डॉक्टरांची रक्त तपासायची लॅब होती. शहाण्णव सालचा सप्टेंबर सरत आला होता. परतीचा पाऊस पत्र्यावर ताडताड वाजत होता आणि ओल्या खाकीचा वास स्पिरिटच्या वासात मिसळला होता.

"दुखनार का?"

"थोडंसं."

"खरं बोलनाऱ्या पयल्याच तुमी. बाकी समदे म्हनत्यात, मुंगी चावल्यागत."

सुई आत गेली. त्याने सुईकडे पाहिलंच नाही, तो तिच्याकडे पाहत राहिला.

"असं काय बघताय?"

"मागच्या येळंला सांगितलं हुतं की लक्ष दुसरीकडं ठिवा... ठिवलं."

प्रज्ञाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. असल्या वेळी करायचं ते तिने केलं... कागद उचलला आणि कडक चेहऱ्याने वाचायला लागली. भीमराज ओहोळ, वय अठ्ठावीस, श्रीगोंदा डेपो. पोटदुखी, उलट्या, वजन घटणे, दोन वर्षं. जंतांचं औषध दोनदा झालं. टीबीच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या. गुण नाही. आणि खाली सर्जनच्या अक्षरात: आतडं एका ठिकाणी अरुंद. ऑपरेशन, अठ्ठावीस ऑक्टोबर.

"पोट उघडणार आहेत तुमचं?"

"व्हय. आत काय हाय ते उघडल्याशिवाय कळत न्हाई म्हनले. फूटभर आतडं कापायला लागंल... कदाचित जास्त." तो हे अशा सुरात म्हणाला की जणू गाडी अर्धा तास लेट सुटणार आहे. मग कापूस दाबून धरत उठला. "येतो, मॅडम. जय भीम."

"जय भीम," ती म्हणाली. तो जिना उतरून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आलेल्या पंचवीस पेशंटांनी तिला 'ताई' म्हटलं होतं, या एकट्याने नाही.

रक्तातल्या पांढऱ्या पेशी पाच जातींच्या असतात. काचेवर रक्ताचा पातळ थर ओढायचा, रंग द्यायचा, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि शंभर पेशी मोजून त्यात कोणत्या जातीच्या किती ते लिहायचं, एवढंच काम. त्यातली एक जात नटवी. पोटात नारिंगी-लाल दाणे गच्च भरलेले. नाव इओसिनोफिल. शंभरात दोन-तीन, फार तर सहा असाव्यात.

भीमराज ओहोळच्या शंभरात अडतीस होत्या.

प्रज्ञाने डोळे चोळले आणि या वेळी दोनशे मोजल्या. सत्त्याहत्तर.

"राधाकृष्णमामा, जरा बघता का?"

राधाकृष्ण लॅबमधले जुने टेक्निशियन. बारा वर्षं तिथेच होते. माणूस मायाळू, आणि हालचाल अशी की सकाळचा चहा दुपारी संपायचा. त्यांनी जागचं न हलता विचारलं, "तू खरंच मोजतेस होय गं?"

"म्हणजे?"

"अगं, बासष्ट, चौतीस, तीन, एक. पाचवी जात शून्य. असं लिहायचं. बेरीज शंभर होते, डॉक्टर सही करतात. दिवसाला साठ रक्तं, शंभर-शंभर पेशी मोजत बसलीस तर लग्नाचं वय निघून जाईल. अर्ध्या जिल्ह्याचं रक्त मी असंच लिहिलंय. कुणाची तक्रार नाही."

यात त्यांना काही वावगं वाटत नव्हतं. त्यांच्या आधीच्याने त्यांना हेच शिकवलं होतं. प्रज्ञाने मात्र रजिस्टर ओढून मागची पानं काढली. भीमराज ओहोळ, फेब्रुवारी: बासष्ट, चौतीस, तीन, एक. भीमराज ओहोळ, जून: बासष्ट, चौतीस, तीन, एक. तिसरा आकडा इओसिनोफिलचा. वर्षभराच्या स्लाईड कपाटातल्या लाकडी खोक्यांत ठेवलेल्या असत. दोन्ही शोधून तिने मोजल्या. पस्तीस आणि छत्तीस निघाल्या.

थिटे डॉक्टरांनी तिचा रिपोर्ट पाहिला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"अडतीस? याचे आधीचे दोन रिपोर्ट आपलेच आहेत. दोन्हीत तीन. आता अडतीस दिलं तर सर्जन विचारतील, खरं कोणतं?"

"तेच विचारायला हवं ना, सर."

"जंत असतील. या जिल्ह्यात जंत कुणाला नसतात?"

"दोनदा औषध झालंय. शौचाच्या तपासणीतही जंत नाहीत."

"साळवेबाई, तुम्ही डॉक्टर आहात का?" असं विचारून त्यांनी अडतीसवर रेघ ओढली, वर तीन लिहिलं आणि सही ठोकली. प्रज्ञाला इतका संताप आला की तिने त्या दिवशी एकही रक्त अंदाजाने लिहिलं नाही, आणि पुढेही कधी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भीमराज रिपोर्ट न्यायला आला. पाकीट देताना प्रज्ञाने आवाज बारीक करायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.

"यात तीन लिहिलंय. मी मोजले तेव्हा अडतीस होते. आधीच्या दोन्ही वेळीही पस्तीस-छत्तीस. तेव्हा कुणी मोजलेच नव्हते."

त्याने पाकीट पिशवीत घातलं. मग हळूच म्हणाला, "माज्या गाडीत बावन्न मानसं बसली आन् म्या वे-बिलावर पाच लिवली, तर चिखलीला चेकर चढला की थेट घरी जायचो मी."

"इथे चेकर चढत नाही."

"चढलाय की," तो म्हणाला आणि तिच्याकडे पाहून असा हसला की तिला पुन्हा कागद शोधावा लागला.

डॉक्टरांच्या कपाटातल्या जाडजूड पुस्तकात तिला एका आजाराच्या पाच ओळी सापडल्या. या लाल दाण्यांच्या पेशी जठराच्या आणि आतड्याच्या भिंतीत घुसून बसतात. भिंत सुजते, वाट अरुंद होते. कधी टीबी वाटतो, कधी कॅन्सर. दुर्बिणीतून भिंतीचे बारीक तुकडे काढून तपासले तर ओळखू येतो. गोळ्यांनी बहुधा आटोक्यात येतो. आणि शेवटची ओळ: अत्यंत दुर्मिळ, जगभरात मिळून काहीशे रुग्ण नोंदलेले.

तिने ते पान थिटे डॉक्टरांसमोर धरलं. ते मोठ्याने हसले. "जगात काहीशे! आणि त्यातला एक आपल्या श्रीगोंदा डेपोत? हे आजार इथे नसतात हो. अमेरिकेत असतात."

"इथे नसतात हे कुणी मोजलंय, सर?"

त्यांनी पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. मग प्रज्ञाने मनाशी ठरवलं... ठीक आहे, कुणी मोजलं नाही ना? मी मोजते.

वर्षभरात जुनाट पोटदुखीसाठी आलेल्या पेशंटांच्या दोनशे चौदा स्लाईड होत्या. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताखाता, संध्याकाळी टेबलं पुसून झाल्यावर, ती एकेक काढायची आणि शंभर पेशी मोजायची. मान आखडायची, डोळ्यांसमोर लाल ठिपके नाचायचे. तीन आठवड्यांत दोनशे चौदा पुऱ्या झाल्या. भीमराजला सोडून त्यातल्या एकोणीस जणांच्या रक्तात इओसिनोफिल शंभरात वीसच्या वर होत्या. एकोणीसही जणांच्या रिपोर्टवर तीन लिहिलेलं होतं.

या तीन आठवड्यांत भीमराजची श्रीगोंदा-नगर गाडी रोज सव्वाला माळीवाड्याला लागायची आणि दोनला सुटायची. आधी तो काही कारण काढून लॅबचा जिना चढायचा. कधी रिपोर्टची झेरॉक्स, कधी सर्जनचा निरोप. मग कारणं संपली आणि तो खिशातून लिंबं काढायला लागला.

"श्रीगोंद्याची हायेत. रस बगा."

"रोज सहा लिंबांचं मी काय करू?"

"मला इचारू नका. मला आंबट चालत न्हाई, तिखट चालत न्हाई, दूध चालत न्हाई... मला नुसतं देता येतं."

सिद्धार्थनगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत लिंबांचा ढीग साचला. प्रज्ञाची आई मुक्ताबाई, नगरपालिकेच्या शाळेत शिपाई. नवरा गेल्यावर एकटीने पोर शिकवलेली बाई, तिच्या नजरेतून काय सुटणार? तिने तीन बरण्या लोणचं घातलं आणि चौथ्या वेळी विचारलं, "कोण गं हा लिंबूवाला?"

"पेशंट आहे."

"पेशंटला औषध देत्यात. तुला पेशंट लिंबं देतो. उलटंच चाललंय."

प्रज्ञा खूप लाजली. आणि लाजली म्हणून स्वतःवर चिडली.

एकोणीस नावं मिळाली, पण प्रश्न पुढेच होता. जंतांनी इओसिनोफिल वाढतात, दम्यानेही वाढतात. यातल्या किती जणांना औषधाने बरं वाटलं? हे माणसांना विचारल्याशिवाय कळणार नव्हतं. तिने नावांची यादी फलाट नंबर चारवर भीमराजसमोर धरली.

"कोळगाव, चिखली, मांडवगण, पारगाव..." तो वाचत गेला. "आवो, ही समदी माजीच मानसं हायेत. ह्यो बाबा शुक्रवारी बाजाराला येतो. ही बाई दर बुधवारी म्हायेराला. द्या हिकडं. तुमी काचंवरचे मोजा, म्या शिटावरचे इचारतो."

मग आठ-दहा दिवस ते विचारणं चाललं. गाडी चालू असताना, तिकीट फाडताना, दांड्याला धरून झुलत तो विचारायचा, "काका, जंताचं औषध घेतलं हुतं, त्याचा गुन आला का?" लोकांना वाटायचं, पोरगं चौकशी करतंय, बरं आहे. सव्वाला तो धापा टाकत फलाटावर यायचा आणि प्रज्ञा वहीत लिहायची. त्याच्या गालाची हाडं दिवसेंदिवस वर येत होती. एकदा बोलता बोलता तो पोट धरून बाकावर वाकला. तिने नकळत त्याचा हात धरला. वेदना ओसरली तरी दोघांनीही हात सोडला नाही. शेजारची म्हातारी टक लावून बघत होती. प्रज्ञाने तिच्याकडे उलट टक लावून पाहिलं, तेव्हा म्हातारीनेच मान फिरवली.

एकोणिसातले सतरा सापडले. तेरा जण जंतांच्या किंवा दम्याच्या औषधाने ठणठणीत झाले होते. चार झाले नव्हते. एक मास्तर, एक ऊसतोडीवरचा तरुण, एक चौदा वर्षांची पोरगी आणि कोळगावची लंकाबाई.

"लंकाबाईला सासरच्यांनी आनून सोडलं म्हायेरी," भीमराज म्हणाला. त्याचा हसरा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. "खाल्लं की वकती. बाहेरचं हाय म्हनले. कोंबडं झालं, लिंबू झालं. मला म्हनली, भाऊ, माज्यावानी दुसरं कुनी न्हाई ना ह्या जगात? म्या म्हनलं, हाय की. म्या हाय. तर रडायलाच लागली."

प्रज्ञाने वही मिटली. "चार आणि तुम्ही पाच. पाचही जणांना तोच आजार असेल असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय म्हणता येणार नाही. पण एकट्या या लॅबच्या एका वर्षात, तपासायलाच हवेत असे पाच निघतात. मग दुर्मिळ कशाला म्हणायचं? कुणी बघत नाही त्याला?"

"सोमवारी हाय ऑपरेशन," भीमराज म्हणाला.

"माहीत आहे."

"आज शुक्रवार."

"तेही माहीत आहे. मला दिनदर्शिका वाचता येते!" ती ओरडलीच. फलाटावरची माणसं वळून बघायला लागली. तिचे डोळे भरून आले होते आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून ती आणखी जोरात बोलत होती. "तुमचं पोट उगाच फाडू देणार नाही मी. समजलं?"

"समजलं, मॅडम," तो म्हणाला. एकदम शहाण्या मुलासारखा.

शनिवारी सकाळी तिने थिटे डॉक्टरांना सरळ सांगितलं की ओहोळच्या आणि त्या चौघांच्या स्लाईड घेऊन ती सर्जनकडे जाणार आहे.

"स्लाईड या दाराबाहेर गेली की तुम्हीही बाहेर," डॉक्टर म्हणाले. "परत यायचं नाही."

ती कपाटाशी गेली. तिच्या आधी तिथे राधाकृष्ण उभे होते. हातात लाकडी खोकं. त्यांनी लागतील त्या सगळ्या स्लाईड वेगळ्या काढून, चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्या होत्या.

"बारा वर्षं लिहिलं गं मी ते," ते डॉक्टरांना ऐकू जाईल असं म्हणाले. "काल संध्याकाळी तुझी वही घेऊन मीही मोजले. तुझं बरोबर आहे. जा."

सर्जनसाहेब उंच, तुटक बोलणारे. त्यांनी तिची वही उभ्यानेच चाळली. बाकावर भीमराज बसला होता, सोमवारसाठी भरती व्हायला आलेला.

"असा पेशंट मी वीस वर्षांत पाहिलेला नाही."

"सर, वीस वर्षं तुमच्या पेशंटांचं रक्त आमच्यासारख्याच लॅबमधून तपासून येतंय," प्रज्ञा म्हणाली. "तिथून तीन लिहून आलं की तुम्ही पुढचं बघणार तरी कसं? आम्ही मोजलं नाही, म्हणून तुम्हाला दिसला नाही. तुम्हाला दिसला नाही, म्हणून पुस्तकात आला नाही. आणि पुस्तकात नाही, म्हणून आम्ही मोजत नाही. कुणीतरी कुठेतरी हे थांबवायला नको का?"

सर्जनसाहेबांनी आपल्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकावरची खोळ काढली, पहिली स्लाईड लावली आणि मोजायला बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली.

"एकोणचाळीस."

"एखाद-दुसरा इकडेतिकडे होतो, सर."

"सोमवारचं ऑपरेशन पुढे ढकलतो. दुर्बीण घालून सात-आठ ठिकाणचे तुकडे घेऊ, पुण्याला पाठवू. आठ दिवस लागतील." मग ते भीमराजकडे वळले. "पण नीट ऐका. तुकड्यांत या पेशी निघाल्या नाहीत, तर आठ दिवस वाया गेलेले असतील. आतडं आणखी बंद झालेलं असेल. आणि आत दुसरंच काही, वाईट, असू शकतं. तुमची तयारी आहे?"

भीमराजने प्रज्ञाकडे पाहिलं. "मोजनाऱ्यावर इश्वास हाय माजा, सायेब."

ते आठ दिवस प्रज्ञाच्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. नोकरी गेली होती. ती सकाळी दवाखान्यात यायची, त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसायची. तो तिला एसटीतल्या गमती सांगून हसवायचा, मध्येच थांबून भिंतीकडे तोंड करायचा आणि दात आवळून कळ जाऊ द्यायचा. सहाव्या दिवशी, अशीच एक कळ गेल्यावर, ती म्हणाली, "मला काहीतरी बोलायचंय."

"नगं."

"काय ते ऐका तरी!"

"म्हाईत हाय मला. माज्या बी पोटात तेच हाय... आजाराच्या शेजारी." तो हसायचा प्रयत्न करत होता. "पन पाकीट येऊ द्या पुन्याचं. चांगलं निघालं तर म्या सोता बोलंन, पार स्टँडवर उभा राहून बोलंन. वाईट निघालं तर... न बोललेलं बरं. तुमी मोकळ्या राहाल."

ती उठून निघून गेली. भीमराजला वाटलं, ऐकलं हिने. या माणसाला प्रज्ञा साळवे अजून पुरती कळलेली नव्हती.

सातव्या दिवशी ती आलीच नाही.

आठव्या दिवशी दुपारी आली, तेव्हा साडीवर धूळ होती, केस वाऱ्याने विस्कटलेले होते आणि हातात पुण्याचं पाकीट होतं. सर्जनसाहेब ऑपरेशनमध्ये होते. पाकीट घेऊन सिस्टर वॉर्डात येत होती, ते हिने जिन्यातच मागून घेतलं. भीमराज उठून बसला.

"फोडा."

"नाही."

"मॅडम..."

"आधी मी बोलणार. तुम्ही म्हणालात, चांगलं निघालं तर बोलू, वाईट निघालं तर गप्प बसू. मला ते मान्य नाही." तिचा श्वास फुलला होता. शेजारच्या खाटांवरचे दोघे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक कान टवकारून बसले. बसोत बापडे! "या पाकिटात काय आहे ते मला माहीत नाही. कदाचित मी चुकले असेन. कदाचित उद्या तुमचं पोट उघडतील. तरी मला तुमच्याशी लग्न करायचंय. मला तुम्ही आवडता, भीमराज. पहिल्या दिवशी पिशवी काढत नव्हतात तेव्हापासून आवडता. आता तुम्ही हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. पण पाकीट बंद असतानाच म्हणा."

भीमराजच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि त्याने ते पुसलंही नाही.

"आन् म्या गेलो तर?"

"तर तुमची बायको म्हणून रडेन. तेवढा हक्क मला हवाय."

"...व्हय," तो म्हणाला. मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाला, "व्हय, प्रज्ञा. व्हय."

मग तिने पाकीट फोडलं. इंग्रजी अक्षरं एकमेकांत शिरत होती. तिने एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं आणि मटकन खाटेच्या कडेवर बसली.

"काय? काय हाय?"

"आठांपैकी सहा तुकड्यांत... भिंतीत खच्चून भरल्यात. त्याच लाल दाण्यांच्या पेशी. टीबी नाही. कॅन्सर नाही. तोच आहे, भीमराज. तोच! गोळ्या... गोळ्यांनी उतरेल."

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर रागवायला आली आणि तीच डोळे पुसत परत गेली. थोड्या वेळाने सर्जनसाहेब आले, कागद वाचला, गोळ्या लिहिल्या. आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो, रक्त तपासत राहावं लागेल, असं बजावलं आणि जाताजाता प्रज्ञाकडे न बघता म्हणाले, "त्या कोळगावच्या बाईंना बुधवारी घेऊन या. बाकीच्या तिघांनाही. आणि मला माझ्या दवाखान्यात मोजणारं माणूस हवंय. उद्यापासून आलात तरी चालेल."

ते गेल्यावर भीमराजने तिचा हात धरला. मग एकदम त्याचा चेहरा उतरला.

"पन तुमची आई? आजारी मानसाला पोरगी देत्याल व्हय?"

"तिला परवाच सांगितलं. ती म्हणाली, लाखात एकालाच होणारा आजार माझ्याच जावयाला कसा गं? मी म्हटलं, लाखात एक म्हणणाऱ्यांनी लाख माणसं तपासलेली नसतात. मग रात्री भांडली, सकाळी लोणच्याची बरणी बांधून दिली."

"बरनी? कुनाला?"

"तुमच्या आईला. काल श्रीगोंद्याला गेले होते मी, आज तिथूनच आले. तुम्हाला मागणी घालायला."

आजवर भीमराजच्या गावात पोराकडून मागणी गेली होती, पोरीच्या बापाकडून गेली होती. एकटी पोरगी एसटीने येऊन, उंबऱ्यात उभी राहून, मुलगा मागते, हे त्याने कधी ऐकलेलं नव्हतं.

"आईनं... काय इचारलं?"

"भागीरथीबाईंनी मला चहा दिला. मग विचारलं, पोरगं जगंल का? मी म्हटलं, ते उद्या कळेल. पण मी आज विचारायला आलेय. बरणी उघडून लोणचं चाखलं त्यांनी."

"मंग?"

प्रज्ञाने त्याच्या उशाची चादर नीट केली. उगाचच, हातांना काहीतरी हवं म्हणून.

"मग म्हणाल्या, हाय तसं घिऊन जा. पर परत आनून सोडायचं न्हाई."